रविवारची फायनल

मैदानावर नुकत्याच मारलेल्या चुन्याच्या फक्कीचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. आमचं मिशनचं छोटंसं कॉलेज, आणि आम्हा मुलींचा खो-खो संघ पहिल्यांदाच फायनलला पोचलेला. सामना कळमनुरीला, रविवारी सकाळी. थोडा सराव करून निघायचं म्हणून आम्ही उजाडताच मैदान आखलं होतं, हात अजून पांढरेच होते. तेवढ्यात चर्चला निघालेले प्राचार्य फाटकाशी थांबले आणि आमच्यासाठी आलेली जीप त्यांनी परत पाठवली. म्हणाले, "रविवार प्रभूचा वार. आपला संघ आज खेळणार नाही." आमची कॅप्टन सेनगावकडच्या मेंढपाळाची लेक, ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "सर, मागच्या रविवारी पाहुण्यांच्या जेवणाला दीडशे खुर्च्या आमीच उचलल्या की. तवा कोणाचा वार होता?" त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते चर्चकडे चालू लागले. तिकडे समोरच्या संघाला पुढे चाल मिळाली, न खेळताच ते जिंकले. उन्हाळ्यात कॅप्टनचं लग्न लावून दिलं, ती परत कधी खेळली नाही. परवा कॉलेजनं आपल्या संघांचा इतिहास छापून मला घरी पाठवला. आमच्या वर्षापुढे लिहिलंय, 'अंतिम सामन्यात पराभूत.' मी पेन घेतलं, 'पराभूत' खोडलं आणि वर लिहिलं, 'खेळू दिलं नाही.' इतकं दाबून लिहिलं की पान उलटलं तर मागं छापलेल्या त्याच प्राचार्यांच्या फोटोत, कपाळावर ते उमटलेलं होतं.