माजी अध्यक्षांच्या घरची नवी चादर

गांधीबागेतल्या आम्हा कापडवाल्यांच्या संघटनेला अध्यक्ष बरेच मिळाले, पण काकाजींसारखा एकच. एकदा अतिक्रमणाचं पथक आलं, तेव्हा हा माणूस माझ्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसला आणि दिवस मावळेपर्यंत उठला नाही. बाकीचे पुढारी फोनवरच लढून राहिले होते. तेव्हापासून काकाजी म्हणजे माझ्यासाठी देवमाणूस.

यंदा संघटनेनं त्यांचा सत्कार ठरवला, तोही जोडीनं. अडचण एकच होती. काकू आजवर कुठल्याही कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. त्यांना आणायचं काम मी बैठकीत छाती ठोकून अंगावर घेतलं. मोठा शहाणा ना मी!

त्यांचं घर नंदनवनात. दोन खोल्या, पुढे टिनाचं छप्पर, खिडकीत खडखडणारा कूलर. ज्याच्या एका शब्दावर अख्खा बाजार बंद व्हायचा, त्याच्या घरात साधा सोफा नव्हता. आमचे आताचे अध्यक्ष घरात लिफ्ट बसवून राहिले आहेत, ते जाऊ द्या.

"ये गा, बस," म्हणत काकाजींनी मला दिवाणावर बसवलं. मी आल्या आल्या काकूंनाच धरलं.

"मले काय समजते तिथलं?" काकू म्हणाल्या. "त्या मोठ्या लोकांत मी कशी दिसीन?"

"चांगल्या दिसाल. काकाजींच्या बाजूले बसा न फक्त."

बराच वेळ नाही-नाही चाललं. मग त्या एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "बरं बाप्पा, येते. पण लुगडं कोणतं नेसू?"

काकाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "पहिल्यांदा हो म्हटलं गा हिनं," ते मला म्हणाले. मला वाटलं, चला, त्यांच्या उपकारातलं थोडं तरी फिटलं.

काकू चहा घेऊन आल्या. कप घेता घेता माझा डावा हात दिवाणावरच्या चादरीकडे गेला. आम्हा कापडवाल्यांची ही खोडच. लग्नात गेलो तर मंडपाचा पडदा, दवाखान्यात गेलो तर पेशंटचं पांघरूण, चिमटीत धरून चोळल्याशिवाय चैन पडत नाही. मी चादरीचा कोपरा चोळला आणि तोंडातून निघून गेलं, "काकू, हे कोणं दिलं तुम्हाले? सेकंडचा माल आहे. एका धुण्यात रंग सोडते हे."

काकूंनी तो कोपरा हातानं सारखा केला. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. चादरीवर घडीच्या रेघा तशाच होत्या. माझ्यासाठीच अंथरली होती ती.

"कालच आणली तिनं," काकाजी हळूच म्हणाले. "तू येणार म्हणून."

जीभ हासडून टाकावी असं वाटलं. गप्प बसायचं ना मग? नाही. मी म्हटलं, "मी उद्या चांगली पाठवून देतो दुकानातून." म्हणजे उरलीसुरली कसर पुरी केली.

"नको बाप्पा," काकू म्हणाल्या. त्या हसल्याही. ते हसणं बघून मला जास्तच लाज वाटली. काकाजी माझी लाज झाकायला बाजाराच्या गोष्टी विचारत राहिले आणि मी काहीतरी उत्तरं देत राहिलो.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. "हे येतील कार्यक्रमाले," त्या म्हणाल्या. "माझं राहू द्या."

"काहून काकू? आत्ताच तर हो म्हटलं होतं तुम्ही."

त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. रागावल्या नव्हत्या. साधं विचारल्यासारखं म्हणाल्या, "तिथं सगळे कापडवालेच असतील न?"