सडकी केबल आणि सुंदर आकडा

मला किळस यायला फारसं काही लागत नाही, असं घरचे म्हणतात. ते खरं आहे. सिंकच्या जाळीत अडकलेला भात, एसटीच्या खिडकीतून पचकन थुंकणारा माणूस, आणि "तुमचा आवाज झकास येतोय" असं सांगून लगेच "नाव परत सांगता का?" विचारणारा रेडिओवाला, यांत मी फार फरक करत नाही. पण मला स्वतःचीच किळस आली ती एकदाच. ती अजून गेलेली नाही.

कराडला तीस वर्षं मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं. निवृत्त व्हायच्या जरा आधी हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन मिळालं, गच्चीवर तार ताणली आणि रोज सकाळी सातला सेटपुढं बसायला लागले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली वीसेक माणसं त्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतात. याला नेट म्हणतात. एक जण हजेरी घेतो, बाकीचे पाळीपाळीनं बोलतात: पाऊस किती झाला, वीज होती का, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं. सगळे पुरुष, मी एकटी बाई. बाईला 'यंग लेडी' म्हणायची या छंदात जगभर रीत आहे म्हणे. एकसष्टाव्या वर्षी सकाळी सकाळी कुणी मला यंग लेडी म्हटलं की चहा कडू लागतो.

आणखी एक रीत आहे. समोरच्याचा आवाज किती स्पष्ट आणि किती जोरात येतोय हे दोन आकड्यांत सांगायचं असतं. 'पाच-नऊ' म्हणजे उत्तम. आमच्या नेटवर सगळ्यांना पाच-नऊ मिळतं. ऐकू आलं तरी पाच-नऊ, नुसती खरखर आली तरी पाच-नऊ. पोहे कसे झालेत असं विचारल्यावर पाहुणा जे सांगतो, तेवढीच त्या पाच-नऊची किंमत. मी सुरुवातीला एकदोघांना खरे आकडे सांगून पाहिले. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कडेगावच्या पुढं माळावर एक गाव आहे. तिथं सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. बावीस वर्षं त्यांनी सिग्नलमध्ये, म्हणजे सैन्याच्या तारा-रेडिओच्या खात्यात काढली. नेटवर सगळे त्यांना हवालदारच म्हणतात, मीही. माणूस छातीतून बोलायचा. शब्द मोजके आणि प्रत्येक शब्द वेगळा. त्यांची पाळी आली की मी हातातलं काम ठेवून ऐकायचे. घरी ते गप्पच असतात, असं त्यांच्या मालकीण सांगायच्या. जे काही बोलायचे ते सकाळी सात ते साडेसात, माइकवर. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाज वाचला. फक्त डॉक्टरांनी बजावलं, की आता हा आवाज जपून वापरायचा, कधी ओरडायचं नाही. आवाज खाली उतरला होता, पण स्वच्छ होता आणि तो त्यांचाच होता.

मग पुढच्या पावसाळ्यात हवालदार ऐकू येईनासे झाले. ते बोलायचे, त्यांना पाच-नऊ मिळायचं, आणि दोन मिनिटांनी हजेरी घेणारा विचारायचा, "कडेगावकडून आज कोणीच नाही का?" मला कराडला अगदी कान लावल्यावर काहीतरी पुटपुटल्यासारखं यायचं. श्रावणात त्यांचा फोन आला.

"बाई, तुमच्याकडं ते मोजायचं यंत्र हाय न्हवं? घिऊन या एकदा. केबलीत पानी गेलंया, मला वाटतंय."

ते यंत्र म्हणजे अँटेना अ‍ॅनालायझर. हल्ली तळहाताएवढा मिळतो. सेटपासून अँटेनापर्यंत जी जाड काळी केबल जाते तिच्या खालच्या टोकाला तो जोडायचा. तो केबलीत चिमूटभर लहर सोडतो आणि त्यातली किती परत आली ते मोजतो. वरची अँटेना ठीक असेल तर लहर हवेत निघून जाते, परत काही येत नाही, आणि पडद्यावर एकच्या आसपास आकडा दिसतो. बिघाड असेल तर लहर परत फिरते आणि आकडा चढत जातो, तीन, पाच, दहा. या छंदातली माणसं या एका आकड्यासाठी वेडी असतात. स्वतःचा रक्तदाब सांगता येणार नाही, पण अँटेनाचा आकडा झोपेतून उठवून विचारा.

मी एसटीनं कडेगावला उतरले, हवालदार स्कूटर घेऊन आले होते. पावसाची उघडीप होती आणि चटका देणारं ऊन. घरामागं लोखंडी पाइपचा उंच खांब, त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरलेली तार, आणि खांबाला बांधत बांधत गोठ्याच्या पत्र्यावरून खिडकीत आलेली केबल. मी खुर्चीत बसून खालचं टोक सोडवलं, यंत्र जोडलं. आकडा आला एक पूर्णांक दोन. फ्रिक्वेन्सी खाली नेली, वर नेली. तेवढाच. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाटीवर पट्टीनं आखावी तशी सपाट रेघ.

खरी अँटेना अशी कधीच नसते. तिची रेघ एका जागी खाली येते आणि दोन्हीकडं चढते. हे मी पोरांना शिकवलेलं आहे. पण त्या दिवशी मला ती रेघ सुंदर दिसली.

"खांब खाली घिऊया का?" हवालदार म्हणाले. "वरचं टोक सोडून बघू."

खांब बुडाशी बिजागरीवर होता. दोर सैल करत आडवा करायला तीन माणसं आणि अर्धा तास लागला असता. माझी चारची एसटी होती, ऊन होतं, आणि एक पूर्णांक दोन आल्यावर आणखी काय बघायचं, असं मला वाटलं. मी म्हणाले, गरज नाही. मग मी त्या पडद्याचा फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हवालदारांची केबल ठणठणीत.' चहाचा कप रिकामा होईपर्यंत बारा अंगठे आले.

"मग माझं जाईना का कुटं?" त्यांनी विचारलं.

मी वर्गात बोलायचे त्याच सुरात म्हणाले, "केबल उत्तम आहे. तुमचाच आवाज कमी पडतोय. जरा दम लावून बोला."

त्यांच्या मालकीण दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं बाई, डागतरनं वरडू नगा म्हटलंया त्यास्नी."

"ओरडायचं नाही हो," मी म्हणाले, "नुसतं मोठ्यानं."

या दोन्हींत फरक काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हवालदार दम लावून बोलायला लागले. मला कराडला ते थोडंसं जास्त ऐकू यायचं, म्हणजे आधी पुटपुट होती ती आता लांबून कुणी शेतातून हाक मारल्यासारखी झाली. मी खूश. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'मॅडमचं निदान अचूक.' गणपती आले, गेले. हाक हळूहळू खरखरीत झाली, मध्येच तुटायला लागली, त्यांना बोलता बोलता खोकला यायला लागला. नवरात्रात एक दिवस ते आलेच नाहीत. नंतरही आले नाहीत. नेटवर एक जण म्हणाला, वय झालं आता त्यांचं. बाकीच्यांनी हूं हूं केलं. मीही केलं.

दिवाळीच्या आवराआवरीत गच्चीवरच्या खोलीत मला जुन्या केबलचं एक भेंडोळं सापडलं. कुठं तुटली आहे का बघावं म्हणून मी यंत्र जोडलं. दुसरं टोक मोकळं, फरशीवर पडलेलं. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. लहर जायला जागाच नाही, म्हणजे ती सगळी परत यायला हवी आणि आकडा आभाळाला भिडायला हवा. पडद्यावर आला एक पूर्णांक चार. सपाट रेघ.

मला वाटलं यंत्र बिघडलं. चिनी माल, असं काहीबाही पुटपुटत मी ते बंद करून चालू केलं. त्याच्याबरोबर तीन छोट्या टोप्या येतात, एक उघडी, एक बंद, एक ठरावीक रोधाची. त्या एकेक लावून यंत्राला पुन्हा बरोबर-चूक शिकवावं लागतं. ते केलं. परत एक पूर्णांक चार. मग कपाटातली नवी केबल काढली, तिचंही टोक मोकळं ठेवलं आणि जोडली. आकडा एकदम चढला, चढायलाच हवा होता. यंत्र शहाणं होतं. जुनी केबल सडलेली होती.

मी पायरीवर बसले. सडलेली केबल लहर जाताना खाते आणि उरलीसुरली परत येताना खाते. परत काहीच येत नाही. यंत्राला वाटतं सगळं हवेत गेलं, आणि ते एक दाखवतं. केबल जितकी कुजकी तितका आकडा गोड. तीस वर्षं मी हे फळ्यावर काढत आले होते, खडू हातात घेऊन, बाण काढून. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्याच दिवशी नवी केबल घेऊन मी कडेगाव गाठलं. हवालदार, शेजारचा एक गडी आणि मी, तिघांनी खांब आडवा केला. वरच्या जोडावरची टेप उन्हानं फाटली होती. मी केबल टोकापासून हातभर अंतरावर कापली. आतून काळं पाणी आलं. नुसतं पाणी नव्हे, बुळबुळीत, गटारीसारखा वास मारणारं पाणी. तांब्याची जाळी हिरवी-काळी होऊन बोटांवर पिठासारखी उतरली, आतल्या तारेभोवतीच्या पांढऱ्या फोमचा लगदा झाला होता. आणखी हातभर खाली कापली, तेच. गोठ्याजवळ कापली, तेच. माझ्या नखांत ते काळं गेलं, आणि घरी येऊन तीनदा साबण लावला तरी मला वास येत राहिला.

मी त्यांना तिथंच सगळं सांगितलं. पाणी होतं, तुम्ही बरोबर होता, मी वरचं टोक सोडून बघायला हवं होतं, आळस केला. तुम्हाला मोठ्यानं बोला म्हणाले ती माझी चूक.

हवालदारांनी कापलेला तुकडा हातात घेतला. बोलले ते फक्त श्वासात. आवाज म्हणावा असं त्यात काही उरलंच नव्हतं.

"सैन्यात लय केबली वढल्यात म्या. पानी गेलेली हाताला कळती, बाई. जड लागती."

"मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं की," ते म्हणाले. "पर यंत्र तुमच्याकडं हुतं."

ते डॉक्टरांकडं जाऊन आले होते. गळ्यातल्या स्वरपट्ट्यांवर व्रण धरलेत, आता आहे तेवढंच राहायचं, असं सांगितलं होतं. मी मालकिणींकडं बघितलं. त्या भांडी घासत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. त्या दिवशी त्या घरात मला कुणी चहा विचारला नाही. आमच्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात.

नवी केबल घातली, वरचं टोक सोडून, जोडून, दोन्ही परीनं मोजलं, खांब उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सेटपुढं बसले. हजेरीत कडेगाव आलं आणि हवालदार बोलले. तो श्वासातला आवाज इतका स्पष्ट आला की त्यांनी शब्दांमध्ये गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. साताऱ्याला, वाईला, सगळीकडं पोचला असणार.

"हवालदार, सिग्नल एकदम कडक," साताऱ्याचा एक जण म्हणाला. "पण माइक गेलाय तुमचा. बदला तो."

दुसऱ्यानं कोणता माइक घ्यावा ते सांगितलं. तिसरा म्हणाला, माइकच्या आतला स्पंज बदलून बघा, माझाही असाच झाला होता. वीस माणसं आणि वीस सल्ले. मी माइकच्या बटणावर अंगठा ठेवून ऐकत होते. ग्रुपवरचा तो फोटो यांतल्या प्रत्येकानं बघितला होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं.

"माइक न्हाई गड्या," हवालदार म्हणाले. "आवाजच असा हाय माझा आता."

मग हजेरी घेणाऱ्यानं विचारलं, "कराड, तुमचं काही?"

मी बटण दाबलं, "काही नाही" म्हणाले, आणि सोडलं.