कूलरसमोरच्या खुर्च्या

समाजात आणि साहित्यात उच्चवर्गाचे स्थान अढळ असते. राज्ये जातात, गावे जातात, मालगुजारी जाते, पण पुढच्या रांगेतली खुर्ची जात नाही. हे वाक्य माझ्या पहिल्यावहिल्या निबंधाच्या सुरुवातीला होते आणि मला त्याचा फार अभिमान होता. निबंध ज्या संध्याकाळी वाचला त्याच संध्याकाळी ते माझ्या डोळ्यांदेखत खोटे ठरले. कारण वैचारिक नव्हते. उकाडा होता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपुरात सीताबर्डीजवळच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि महिन्यातून एकदा सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात साहित्य ऐकायला जात होते. बंगल्याच्या मालकीणबाई जुन्या मालगुजार घराण्यातल्या. गावे गेली, दिवाणखाना उरला. तो कशाने तरी भरायला हवा म्हणून त्यांनी साहित्य मंडळ काढले होते.

मंडळात दोन प्रकारचे लोक असत. आजीव सदस्य पुढे गादीच्या खुर्च्यांवर बसत. बाकीचे मागच्या दाराशी सतरंजीवर बसत, त्यांना ‘रसिक’ म्हणत. सदस्यांना चहा कपबशीतून मिळे, रसिकांना काचेच्या ग्लासातून. चहा एकच होता, हे मालकीणबाई आवर्जून सांगत.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे टेबलावर एक पितळी घंटी असे. सदस्य बोलत असले की ती घंटी शोभेची वस्तू असे. सतरंजीवरचे कोणी वाचायला उठले की थोड्या वेळाने वाजे आणि अध्यक्ष हळहळत म्हणत, “वेळेअभावी...” एका रसिकाची प्रेमकविता तर नायिका घरातून निघायच्या आतच संपली होती. सतरंजीवरून उठलेल्या कोणाचेही शेवटचे पान त्या दिवाणखान्याने कधी ऐकले नव्हते.

त्या मे महिन्याचा विषय होता ‘साहित्यातील उच्चवर्ग आणि सामाजिक विषमता’. विषमतेवर बोलू शकणारे बहुतेक सदस्य पचमढीला थंड हवा खायला गेले होते, म्हणून विषय माझ्याकडे आला. मी महिनाभर कादंबऱ्या उपसल्या आणि निबंध लिहिला. मुद्दा शेवटच्या पानावर ठेवला. निबंध असाच लिहायचा असतो असे मला शिकवले होते. शिकवणाऱ्यांना घंटी माहीत नसावी. पान पुढे आणायचे का, असा विचार मनात आला होता, पण हट्ट धरला. ते पान वाचायचे, आणि शेवटीच वाचायचे.

आईला मी सावनेरहून बोलावून घेतले. ती कधी कुठल्या सभेला गेली नव्हती. वावर, कापूस आणि आम्ही भावंडे यांत तिचे दिवस गेले होते. सतरंजीवर बसल्या बसल्या तिने पुढे पाहिले.

“पुढं तं खुर्च्या खाली हायेत. काहून नाही बसत वं तिथं?”

“त्या सदस्यांच्या आहेत.”

“मंग तू कोन?”

“मी रसिक.”

“हे काय असते?”

“खाली बसून ऐकते ती.”

आई म्हणाली, “मंग मी तं जन्माचीच रसिक आहो.”

त्या दिवशी दिवाणखान्यात नवा कूलर आला होता. कूलर खिडकीत बसवायचा असतो, त्याची पाठ बाहेर ठेवायची असते आणि समोर कुठेतरी दार उघडे टाकायचे असते, हे नागपुरात शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असते. पण बंगल्याच्या दर्शनी भिंतीतून पत्र्याचे कुबड बाहेर आलेले मालकीणबाईंना खपणार नव्हते. म्हणून कूलर दिवाणखान्याच्या आतच, खुर्च्यांसमोर, एखाद्या पाहुण्यासारखा मांडला होता. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. एका सदस्याने चाचरत खिडकीचे नाव काढले.

“म्हणजे गार हवा काय रस्त्यावर सोडायची?” मालकीणबाई म्हणाल्या. विषय संपला. उघडे होते ते फक्त मागचे, चहा येण्याचे दार. त्याच्याबाहेर कडुलिंब होता.

मी टेबलाशी उभी राहून वाचायला लागले. आमच्या कादंबऱ्यांत श्रीमंत नायिका खिडकीशी उभी राहून दुःख करते, कारण दुःखाला खिडकी लागते. मोलकरणीला दुःख झाले तर लेखक तिला एक ओळ देतो, आणि ती तीही पदराने पुसून टाकते. सतरंजीवर कोणीतरी हसले. खुर्च्या हसल्या नाहीत. त्या घामात होत्या. कूलर खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओली करून सदस्यांच्या अंगावर सोडत होता. रेशमी साड्या पाठींना चिकटल्या. पानांवरची माझी शाई पसरू लागली.

मागून आईचा आवाज आला. तिच्या मते ती कुजबुजत होती. “अवं, गंजावर झाकन ठेवून भात शिजवून राहिले का हे लोक?”

अध्यक्षांचा बंद गळ्याचा कोट होता. त्यांनी घंटीकडे हात नेला. मी निबंधाच्या मध्यावर होते. हात घंटीवरून पुढे गेला, रुमालावर थांबला, आणि अध्यक्ष उभे राहिले. सभा संपली, असे मला वाटले. पण ते भिंतीच्या कडेने मागे चालत गेले आणि उघड्या दाराशी येऊन घुटमळले. तिथे खुर्ची नव्हती.

“या जी,” आई सरकत म्हणाली. “बसा. इथं हवा हाये.”

न्यायाधीश सतरंजीवर बसले. त्यांनी डोळे मिटले, कोटाचे वरचे बटण काढले आणि म्हणाले, “वाचा, वाचा. थांबू नका.”

घंटी टेबलावरच राहिली होती.

मग खुर्च्या ज्येष्ठतेच्या क्रमाने रिकाम्या होऊ लागल्या. मालकीणबाई सर्वांत शेवटपर्यंत टिकल्या. घराण्याची शान म्हणतात ती मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिली, तिच्या गालांवरून पावडर ओघळत होती. अखेर त्याही उठल्या. सतरंजीवर यायचे तर चपला कुठे काढायच्या, हे त्यांना स्वतःच्या घरात माहीत नव्हते. आईने बोटाने दाखवले.

“आता तिथं कोनाले ऐकवून राहिली वं? कूलरले?” आई मला म्हणाली. “इकडं ये.”

मी गेले. सगळ्यांच्या मध्ये मांडी घालून बसले आणि सलग वाचत राहिले. शेवटचे पान आले. त्यावर लिहिले होते की आमच्या साहित्यात चहाचा ट्रे घेऊन येणारी बाई दारापर्यंत येते आणि प्रकरण संपते. मला तिथून पुढचे प्रकरण वाचायचे आहे. ती ट्रे ठेवून कुठे जाते, तिला काय दिसले, आणि आतल्या लोकांबद्दल ती घरी जाऊन काय सांगते.

शेवटचा शब्द वाचून मी मान वर केली, तर दारात चहावाली बाई ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमध्ये नेहमीप्रमाणे काही कप होते आणि काही ग्लास. खाली बसलेल्या त्या गर्दीत कपाचे कोण आणि ग्लासाचे कोण, हे तिला कळेना. तिने मालकीणबाईंकडे पाहिले. मालकीणबाई चपलांकडे पाहत होत्या. मग तिने दारापासून सुरुवात केली आणि हाताला येईल ते देत गेली. न्यायाधीशांना ग्लास मिळाला. आईला कपबशी मिळाली. आईने चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि सर्वांना ऐकू येईल असा प्याला.

टाळ्या झाल्या, दोन्ही वर्गांच्या, आणि कोणत्या कोणाच्या ते सांगता येत नव्हते. न्यायाधीश म्हणाले, “शेवट चांगला आहे.” मला वाटते, सतरंजीवरच्या कोणाचा शेवट त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. सावनेरच्या बसमध्ये बसवून देताना आई म्हणाली, “मानसं चांगली हायेत गं ती. फक्त त्याईले हवेत बसवा लागते.” मी घरी आले ती सीताबर्डीचा सगळा रस्ता पायी, छाती पुढे काढून. एका निबंधाने दिवाणखाना जमिनीवर आणला होता. साहित्याने समाज बदलतो, यावर माझा त्या रात्रीपुरता पूर्ण विश्वास बसला.

पुढल्या मे महिन्यात गेले, तर गादीच्या खुर्च्या मागच्या दाराशी मांडल्या होत्या आणि सतरंजी कूलरसमोर अंथरली होती.