कपाळाने दिलेलं नाक

"नाक घाला पाण्यात. विरघळत नाही ते."

कोथरूडच्या आमच्या पोहण्याच्या टँकवर सकाळच्या बायकांच्या बॅचला शिकवणाऱ्या बाई रोज हे ऐकवायच्या. मी पंचेचाळिशीत पोहायला शिकले, ती त्यांच्याकडे. "अहो, पोहताय की पाण्याला नमस्कार करताय?" असं काठावरून म्हणत आणि मग स्वतः पाण्यात उतरून माझे पाय सरळ करत.

बाईंचा सगळा जन्म उन्हात गेलेला. नाकपुडीवर एक काळा ठिपका होता, त्याला त्या तीळ म्हणत. टॉवेल घासला की त्यातून रक्त यायचं.

"दाखवा ना कुणाला तरी," मी म्हटलं.

"तीळ काय दाखवायचा? संक्रांत आहे का?"

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर बसवून सदाशिव पेठेत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठिपक्याचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. हा सहसा पसरत नाही, पण आहे तिथे खात जातो, डॉक्टर म्हणाले. नाकपुडी काढावी लागेल आणि कपाळाची कातडी खाली वळवून नवी करावी लागेल. परतताना सिग्नलला मागून आवाज आला, "टँकवरची मुलं घाबरतील हो मला."

सिग्नल सुटला, मी स्कूटर पुढे काढली.

ऑपरेशननंतर काही आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा एक पट्टा लोंबत होता. नव्या नाकपुडीला रक्त तिथूनच मिळायचं. बाईंनी दार लावून घेतलं. मी डबा घेऊन जाई तेव्हा तोंडावर पदर. एकदा माझी नात सोबत आली. ती बाईंकडेच पोहायला शिकत होती. तिने वाकून पदराखाली पाहिलं.

"हे काय आहे?"

बाईंनी पदर खाली केला. "कपाळ आहे. नाकाला उसनं दिलंय."

"मग नाक ते परत कधी देणार?"

"चिकट आहे गं ते. देईलसं वाटत नाही."

दोघी हसल्या. टाके ताणले म्हणून बाईंनी गाल धरला, पण पदर पुन्हा वर गेला नाही.

पुढे पट्टा कापला. नवी नाकपुडी जराशी जाड राहिली. बाई टँकवर परतल्या, फक्त आता उन्हासाठी डोक्यावर रुंद काठाची टोपी आली. कॅन्सर पुन्हा उद्भवला नाही. बाई मात्र गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेल्या, हृदय थांबून.

त्यांचा शेवटचा उन्हाळा आठवतो. बाई कमरेभर पाण्यात उभ्या होत्या, माझ्या नातीचं पोट तळहातांवर तोलून.

"सोडू नका हं," नात ओरडली.

"नाही सोडत," बाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात केव्हाच टोपी सावरत होते आणि नात पोहत होती.