नऊ वर्षं झालेली बाई

रिबेकाबाईंवर माझा राग हाय, हे आधीच सांगून टाकते. मागनं कुणी म्हणू नये, सगुणाबाई नुसतं गोड गोड बोलली. राग माझ्यावर बी हाय, पण त्याचं पुढं सांगते.

बाई केडगावच्या. मिशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. तिथल्याच शिवणवर्गात तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं, म्हणून अख्खं गाव त्यांना बाईच म्हणतं. त्यांचे मालक दानिएल दौंडला रेल्वेत होते. ते वारले त्याला पंधरा वर्षं झाली. एकुलता एक ख्रिस्तोफर मस्कतला हॉटेलात कामाला हाय. रविवारी बाई उपासनेहून आल्या की त्याचा फोन येतो, धा मिनिटं. बाकी हप्ताभर घरात शिलाई मशीन आन् बाई, दोघीच.

त्यांना छातीचा कॅन्सर झाला तवा त्या एकट्याच पुण्याला जायच्या आन् एकट्याच यायच्या. गाडीत उलटी होईल म्हणून पदराखाली प्लास्टिकची पिशवी धरून बसायच्या. त्यातनं बऱ्या झाल्या आन् त्यांनी ठरवलं, आपल्या भागातली कुठली बाई आता ह्या दुखण्याला एकटी जायची न्हाई. तसं आमचं मंडळ सुरू झालं. नाव-बिव काय न्हाई त्याला. पंधरा दिवसांनी मंगळवारी बाईंच्या घरी जमायचं. शिरूरकडच्या आन् दौंडकडच्या मिळून चौदा-पंधरा जणी. कुणाचा केमोचा डोस असला की बाई तिच्यासंगं दवाखान्यात जाऊन दिवसभर खुर्ची टाकून बसायच्या.

मी मांडवगण फराट्याची. आमच्यात मागं मेंढरं होती, आता ऊस आन् चार म्हशी हायत. चार वर्षांमागं माझ्या छातीची एक बाजू काढली. घरी आले ती भिंतीकडं तोंड करून पडले, उठूच वाटंना. आमचे मालक तात्याबा, माणूस वाईट न्हाई. पण त्यांनी आपली खाट उचलून ओसरीवर नेली. "तुला धक्का लागायला नको," म्हणले. चार वर्षं झाली, अजून मला धक्का लागायला नकोच हाय.

गावातल्या आशाताईनं मला बाईंकडं धाडलं. बाईंनी आतल्या खोलीत नेलं, कडी लावली, आन् मी काय बोलायच्या आत आपल्या पोलक्याची बटणं काढली. मी तोंड फिरवलं.

"बघ," म्हणल्या. "फिरवू नको तोंड. हात लाव."

सपाट जागा, आडवा पांढरा व्रण. मी भीत भीत बोट टेकवलं.

"किती वर्षं झाली असतील, सांग?"

मी एक बोट वर केलं.

"पाच. आणि आज सकाळी मी पाच हंडे पाणी भरलंय."

अगं बाई, मी जी रडले म्हणता! ऑपरेशनला बी एवढी रडले नव्हते. बाईंनी पोलकं घातलं, चहा टाकला, आन् मी रडायची थांबेपर्यंत तो दोनदा गरम केला.

नवी बाई आली की हेच. आधी आतली खोली, मग चहा. आकडा तेवढा दरसाल वाढायचा. सहा, सात, आठ. आम्ही घरोघर तेच सांगत सुटायचो. कुणाची सासू म्हणली की ह्यातनं कोण वाचतंय, की आम्ही म्हणायचो, "आमच्या बाईंना नऊ वर्षं झाली, काय झालं का त्यांना?" लोकांची तोंडं बंद व्हायची.

बाकी मंडळात रडारड कमी, खिदळणं जास्त. बाई सुती कापडाच्या गोल पिशव्या शिवायच्या, पोलक्याच्या आत घालायला. वजन यावं म्हणून आत बाजरी. माझी पहिली पिशवी मी धुऊन दोरीवर वाळत घातली, तर कोंबड्यांनी टोचून टोचून रिकामी केली. पारगावच्या ललितानं ते ऐकलं आन् म्हणली, "सगुणे, तुझ्या कोंबड्या आता अंडी न्हाई, दूध देत्याल बघ!" बाई मिशनच्या शिस्तीतल्या, पण त्या बी तोंडाला पदर लावून हसल्या. तवापासनं त्या बाजरी सोडून मोहरी भरायला लागल्या.

आन् भिंत चढायची. ऑपरेशननंतर हात आखडतो, म्हणून भिंतीला बोटं टेकवून मुंगीसारखी वर वर न्यायची. जिथवर जातील तिथं बाई पेन्सिलीनं रेघ मारायच्या आन् पुढं नाव लिहायच्या. सगळ्यात वरची रेघ बाईंची.

पाच वाजले की आमची पळापळ. कुणाला धारंची घाई, कुणाची शेवटची जीप. "बसा गं जरा," बाई म्हणायच्या. "बसू की पुढच्या टायमाला," आम्ही पायात चपला सरकवत म्हणायचो. पंधरा कप बाई एकट्याच विसळायच्या. बाई, तुम्ही कशा हाय, असं कुणी त्यांना विचारल्याचं मला आठवत न्हाई. मी बी कधी विचारलं न्हाई. विचारायचं काय त्यात? त्यांना तर नऊ वर्षं झाली होती.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला धनश्री आली. निमोण्याची, एकतीस वर्षांची. नवरा मल्हार रांजणगावला कंपनीत, पोरगी दुसरीत. आठ डोस सांगितले होते. दोन घेतले आन् बसली घरात. केस गेले, तोंड आलं, त्यात शेजारची कुणीतरी म्हणली की ह्या औषधानंच माणूस मरतं. आमचे फोन उचलेना.

जानेवारीत बाई न्हावऱ्यावरनं जीपा बदलत निमोण्याला गेल्या. मी संगं होते. धनश्री दार उघडेना. बाई उंबऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. मी म्हणलं, चला बाई, गावातली लोकं बघायला लागली. त्या हलेनात. दुपार कलली, पोरगी शाळेतनं आली, तवा दार उघडावंच लागलं. बाईंनी आत जाऊन धनश्रीला परत एकदा व्रण दाखवला. पदर मात्र गळ्यापाशी घट्ट धरून. थंडी होती, मला काय वेगळं वाटलं न्हाई.

धनश्री म्हणली, "बरं बाई. तुम्ही नीट हाय तवर मी येत जाईन. तुम्हाला काय झालं, तर मग मला डोस घे म्हणून सांगायचं न्हाई."

"ठरलं," बाई म्हणल्या.

आन् खरंच ती यायला लागली. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक डोसाला बाई तिच्या उशाशी.

मार्चातल्या एका मंगळवारी आमचं भिंत चढणं चाललं होतं. ललिता बाईंना म्हणली, "आज तुम्ही बी चढा, बघू म्हाताऱ्या झाल्या का." बाई नको नको म्हणत होत्या, आम्ही ढकलत भिंतीपाशी नेलं. त्यांची बोटं निघाली आन् माझ्या रेघंपाशी थांबली. कपाळाला घाम आला.

"काल मशीन जास्त चालवली," म्हणल्या. सगळ्या हसल्या.

मला हसू आलं न्हाई. मी जनावरातली बाई, लंगडणारी म्हैस मला लांबनं कळती.

पाचला सगळ्या गेल्या. मी थांबले. चार वर्षांत पहिल्यांदाच. आतल्या खोलीची कडी लावली आन् म्हणलं, "बाई, पोलकं काढा."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आन् बटणं काढली. गळ्याच्या हाडाखाली बोराएवढी गाठ. काख सुजलेली.

"कवापासनं?"

"नाताळच्या आदल्या दिवशी. अंघोळ करताना हाताला लागली."

मी ओरडलेच. "येड लागलंय का तुम्हाला? तीन महिने! मला तपासायला पंधरा दिवस उशीर झाला तर तुम्ही आमच्या मालकाला फोनवर झाडलं होतं. आन् निमोण्याला जाऊन बसल्या, तवा बी ही गाठ होती?"

"हळू बोल गं."

"न्हाई बोलत हळू!"

"सगुणा, धनश्रीचे दोन डोस राहिलेत. तिचं होऊ दे. माझं कळलं की ती परत घरात बसेल. तीच काय, निम्म्या जणी बसतील. माझ्याकडे बघून जातात सगळ्या. मला आजारी पडून कसं चालेल?" मग बटणं लावता लावता म्हणल्या, "आणि सांगणार तरी कुणाला होते? ख्रिस्तोफरची नोकरी नवी आहे. तुम्ही सगळ्या पाचला जाता."

माझी मान खाली गेली. धनश्रीचं होईस्तवर कुणाला सांगायचं न्हाई, असं त्यांनी माझ्याकडनं वचन घेतलं, आन् मी बावळट, दिलं. बाई म्हणतील ते बरोबर, ही आमची सगळ्यांची सवय. ऊठसूट भांडणारी मी, आन् जिथं भांडायला पायजे होतं तिथं शेपूट घातलं.

पुढचे पंधरा दिवस मी रोज फोन करायची. "कशा हाय?" "बरी आहे." फोन कानाला लावून आम्ही दोघी नुसत्या गप बसायचो. माझ्याकडं म्हशींचा आवाज, त्यांच्याकडं कायच न्हाई. एवढी गप जागा मी आजवर ऐकली नव्हती.

मंडळाच्या पुढच्या मंगळवारी वरवंडची एक नवी बाई आली, घाबरून पांढरी पडलेली. बाई उठल्या. डाव्या हातानं उजवा हात सावरत तिला आतल्या खोलीकडं न्यायला लागल्या. "घाबरायचं नाही," म्हणल्या. "मला बघ, नऊ वर्षं झाली."

माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. "थांबा बाई," म्हणलं, आन् तिथंच, सगळ्यांपुढं, गाठ, नाताळ, सगळं सांगून मोकळी झाले.

धनश्री उठली, चपला घातल्या आन् मागं न बघता निघून गेली. बाईंनी उघड्या दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झालं समाधान?" म्हणल्या.

त्या माझ्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. लई लागलं मला. त्या दिवशी पाच वाजले तरी कुणी उठलं न्हाई. पण बाईंजवळ जाऊन बसायचं बी कुणाला धाडस झालं न्हाई. सगळ्या आपापल्या जागेवर, हातात गार झालेला चहा.

शुक्रवारी मी बाईंना पुण्याला नेलं. धनश्रीच्या सातव्या डोसाची तारीख तीच होती, पण तिचं नाव आम्ही दोघींनी बी काढलं न्हाई. दवाखान्यातल्या मेरी सिस्टर बाईंना ओळखतात. त्यांनी नेहमीसारखी सोबतच्या माणसाची खुर्ची पुढं सरकवली. "या मावशी. आज कुणाला आणलंत?"

बाईंना खुर्चीत बसावं का न्हाई ते कळंना.

"मलाच," म्हणल्या.

डॉक्टरांनी गाठ बघितली, फोटो काढायला लावला. तो उजेडाला धरला. फुप्फुसात ठिपके होते. "नाताळात लागली तेव्हाच आला असतात, तर कदाचित गाठीवरच भागलं असतं मावशी," म्हणले. "आता औषधं सुरू करू, पण किती साथ देतील ते आज सांगता येत नाही." बाईंनी मान हलवली. दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय अशी.

बाहेर आल्यावर म्हणल्या, "डोसाच्या वॉर्डात एकदा डोकावू. उगीच आपलं."

धनश्री तिथं होती. हाताला सुई, सलाईन चालू, मल्हार औषध आणायला खाली गेलेला. तिला बघून बाईंचा चेहरा असा खुलला, की आत्ता डॉक्टर काय म्हणले ते मीच क्षणभर विसरले.

"आलीस तू?"

"न यायला काय झालं?" धनश्री फणकारली. "मंगळवारी गेले ती राग आला म्हणून. एवढी गाठ घेऊन माझ्या दारात येऊन बसल्या तुम्ही? स्वतःचं बघायचं सोडून?"

"तू म्हणाली होतीस ना, मी नीट आहे तोवर..."

"आवं बाई, तुम्ही उंबऱ्यावरनं उठतच नव्हत्या! पोरगी शाळेतनं भुकेजून आलेली, मला भाकरी टाकायची होती. तुम्ही एकदाच्या घरी जावं म्हणून म्हणले मी. मी काय तुमच्याकडं बघून सुया टोचून घेते व्हय? पोरीकडं बघून घेते." मोकळ्या हातानं तिनं डोळे पुसले. "तुम्ही ते धरून बसाल, हे मला काय ठावं!"

बाई तिच्या उशाशी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. सलाईनचा थेंब थेंब पडताना बघत राहिल्या.

"असं होय," म्हणल्या. आन् मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू, "मग मी उगीचच थांबले गं, सगुणा."