जिन्यातला ताणा

कोलकात्यात डमडमच्या क्वार्टरमध्ये आईचा हातमाग उभा राहिला, पण ताणा पसरायला खोली पुरेना. तिने उभे धागे दारातून बाहेर जिन्यावरून नेऊन समोरच्या बंगाली शेजारणीच्या खिडकीच्या गजाला बांधले. आता ते मागाच्या रुळावर गुंडाळायचे होते. मध्येच सैल पडले असते तर सगळाच गुंता झाला असता.

तेवढ्यात बाबा बँकेतून आले.

“अहो, तिथेच थांबा! ओलांडू नका!”

“मग जेवण जिन्यातच का?”

इतक्यात गजाची गाठ सुटू लागली. बाबांनी बॅग टाकून धाग्यांचे टोक घट्ट धरले. आई रूळ फिरवू लागली, तसे बाबा पावलापावलाने घरात ओढले गेले. शेजारीण टाळ्या वाजवत होती. शेवटचा वेढा बसला. एकही धागा तुटला नव्हता.

“आडव्या धाग्याचा पहिला धोटा मी मारू?” बाबांनी विचारले.

“आधी चपला काढा,” आई म्हणाली.