जुडी सोडून बघ आदी

आमच्या गल्लीत कुणी अंगारा आणला की मी पहिलं विचारते, "डॉक्टरला दाखवलं का?" अशी मी बाई. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

आम्ही मखमलाबादचे, मेथी-कोथिंबीर पिकवणारे. नवी नवरी होते तेव्हा मेथीची एक जुडी आतून काळी दिसली, म्हणून सडकी समजून मी फेकली. सासूबाईंनी उचलली, सोडली, पानं पसरली... सगळी हिरवीगार! पानावर पान दाबून बसल्यामुळे काळं दिसत होतं. "लय घाई तुला. जुडी सोडून बघ आदी, मंग फेक!" पुढे जन्मभर हेच ऐकलं. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मॅमोग्राफीत एक डाग निघाला आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. माझी आई स्तनाच्या कॅन्सरनेच गेली होती. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. नणंद म्हणाली, सेकंड ओपिनियन घ्या. म्हणून मी आणि हे गंगापूर रोडच्या एका सेंटरला गेलो. हे एकटेच बाहेर बाकावर बसले.

थोड्या वेळाने डॉक्टर मॅडम आत आल्या, तरुण होत्या. आधीचा फोटो बघून म्हणाल्या, "काकू, सुई घालायच्या आधी थ्रीडी मॅमोग्राफी करू. साध्या फोटोत आतले थर एकावर एक येतात, कधी कधी त्यांचीच गाठ वाटते. यात एकेक थर सुटा दिसतो."

मशीनचं डोकं माझ्याभोवती कमानीसारखं फिरू लागलं आणि त्या एसीच्या खोलीत ओल्या मेथीचा वास आला! माझ्या हातांना असेल म्हणावं, तर त्या आठवड्यात आम्ही मेथी उपटलीच नव्हती.

मॅडमनी स्क्रीनवर एकेक थर सरकवला. डाग विरून गेला! खात्रीसाठी सोनोग्राफी केली, तीही साफ. "बायोप्सीची गरज नाही काकू. फक्त पुढची तपासणी चुकवू नका." मी मॅडमना मिठीच मारली. बाहेर हे लहान मुलासारखे रडले.

आम्ही निघालो तेवढ्यात मॅडम दारात आल्या. "तुमच्यासोबतच्या आजी गेल्या का? मघाशी मी आत येताना मला दटावत होत्या, जुडी सोडून बघ आदी... कसली जुडी हो?"

हे पांढरेफटक. "मॅडम, मी एकटाच होतो इथं."

"असं कसं? तुमच्या शेजारीच तर बसल्या होत्या," मॅडम हसल्या. "थ्रीडी तर मी करणारच होते म्हणा."

डॉक्टरांनी गरज आहे म्हटलं तर बायोप्सी जरूर करा, बायांनो, टाळू नका. पण त्या आजी कोण, हे आजही मला सांगता येत नाही. हे म्हणतात, दुसऱ्या पेशंटची कुणी असेल. असेल बाई... पण मग जुडी?

घरी येऊन सासूबाईंच्या फोटोपुढे मेथी ठेवली. सोडून, पानं पसरून. उगाच परत बोलणी कोण खाईल!